उरलेली सतरा मिनिटं

कॅसेट ६० मिनिटांची होती आणि अल्बम ४३ मिनिटांचा. पुढचं सगळं या हिशोबातून निघालं.

साल १९९५. मी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या एका दादाचा मावसभाऊ अमेरिकेत शिकायला होता. तो सुट्टीला आला तेव्हा त्याच्याजवळच्या सीडीवरनं दादानं एक अल्बम टेपवर उतरवून घेतला. कोरी कॅसेट आणायचा कंटाळा, म्हणून घरातलीच एक उचलली. तिच्यावर त्यांच्या घरच्या गणपतीची आरती भरलेली होती. पहिली बाजू ३० मिनिटं, ती गाण्यांनी भरली आणि शेवटचं गाणं मध्येच तुटलं. दुसऱ्या बाजूला १३ मिनिटांत गाणी संपली. पुढची १७ मिनिटं आरती होती तशीच राहिली, तीही मधनंच सुरू होणारी: '...रवी प्रेम कृपा जयाची'. मग टाळ्या, घंटा, मंत्रपुष्पांजली, आणि सगळ्यात शेवटी एक बाई म्हणते, "अगं, प्रसाद कुठं ठेवलायस?"

माझ्याकडं ती कॅसेट आली तेव्हा तिच्यावर निळ्या बॉलपेननं एवढंच लिहिलेलं होतं: 'इंग्लिश – वेगळे'.

वेगळे म्हणजे किती वेगळे, हे कळायला मला आठवडा लागला. तोवर इंग्लिश गाणं म्हणजे आमच्यासाठी एकतर मायकल जॅक्सन, नाहीतर हॉस्टेलवर कुणीतरी मोठ्यानं लावलेलं लांब केसवाल्यांचं रॉक. यात तसं काही नव्हतं. नाकातनं आल्यासारखा आवाज, पत्र्याच्या डब्यासारखा वाजणारा यांत्रिक ड्रम, आणि मधनंमधनं चक्क पेटी. म्हणजे मला ती पेटीच वाटली. आमचं गाव पेटीचं. गोविंदराव टेंबे इथलेच, ज्यांनी प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'ला १९३२ साली संगीत दिलं आणि त्यात हरिश्चंद्राचं कामही केलं. पेठेत चार घरं सोडून एका घरात पेटी सापडतेच. तर अमेरिकेत कोण पेटी वाजवतंय, या कुतूहलापायी मी ती बाजू उलटसुलट करून ऐकत राहिलो.

ती पेटी नव्हती, अकॉर्डियन होता. आणि बँडचं नाव 'दे माइट बी जायंट्स', हे मला आठ महिन्यांनी दादाच्या मावसभावाच्या पत्रातनं कळलं. मी चार पानं प्रश्न लिहून पाठवले होते, त्याचं दीड पानाचं उत्तर आलं. दोघंच जण, दोघांचंही नाव जॉन. जॉन फ्लॅन्सबर्ग गिटार वाजवतो, जॉन लिनेल अकॉर्डियन. मॅसॅच्युसेट्समधल्या लिंकन नावाच्या छोट्या गावचे हे शाळासोबती, पुढं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहायला आले आणि १९८२ पासून एकत्र वाजवतात. ड्रमर ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून मशीन. नाव १९७१ च्या एका सिनेमावरनं, आणि त्या सिनेमाचं नाव 'डॉन किहोटे' या जुन्या स्पॅनिश कादंबरीवरनं: तो पवनचक्क्यांवर भाला घेऊन धावतो ना, की हे राक्षस असतील. 'असतीलही राक्षस', असं काहीसं. माझ्या कॅसेटवरचा अल्बम १९९० चा, नाव 'फ्लड'. म्हणजे पूर. हे नाव लक्षात ठेवा. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

आता चाहता व्हायचं म्हणजे करायचं काय? सचिनचा चाहता असाल तर पोस्टर मिळतं, मॅच लागते, भांडायला शंभर माणसं मिळतात. पाटाकडीलचा, म्हणजे आमच्याकडच्या फुटबॉल टीमचा, चाहता असाल तर शाहू स्टेडियम आहे. मला भांडायलाही कुणी नव्हतं. एकोणीस गाणी आणि मी. मग मी शब्द लिहून काढायला घेतले. एका दोनशेपानी वहीत, पॉज दाबून, रिवाइंड करून. टेपचं ते बटण त्यातच गेलं.

'बर्डहाउस इन युवर सोल' हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं. इंग्लंडात सहाव्या नंबरापर्यंत गेलं होतं. त्याच्या ध्रुपदाची पहिलीच ओळ मी वर्षभर 'ब्लू कणेरी' अशी ऐकत होतो. कणेरी माझ्या आत्याचं गाव, मठाजवळ. अमेरिकेतल्या माणसाला निळी कणेरी कुठनं सुचली, याची मला काळजी लागली होती. शेवटी तो कॅनरी पक्षी निघाला. पुढं कळलं की गाणारा माणूसच नाही. स्विचजवळच्या प्लगात खोचलेला निळ्या पक्ष्याच्या आकाराचा रात्रीचा दिवा गातोय. मी तुझ्यावर लक्ष ठेवतो, म्हणतोय. हे उमगलं त्या रात्री आमच्या माजघरात लाल झिरोचा बल्ब लागला होता, देव्हाऱ्यावर. लहानपणापासून रोज लागत होता. त्या रात्री मी त्याच्याकडं बराच वेळ बघत पडलो. आईनं विचारलं, "झोप येत न्हाई का?" तिला काय सांगणार? बल्ब गातोय म्हणून?

१९९७ साली मी नोकरीला लागलो, शिवाजी उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये. पहिल्या पगारात एक गोष्ट करायची ठरवली होती. पत्रात मावसभावानं 'डायल-अ-साँग'बद्दल लिहिलं होतं. ऐंशीच्या दशकात लिनेलचं सायकलवरनं पडून मनगट मोडलं, फ्लॅन्सबर्गच्या घरी चोरी झाली, कार्यक्रम बंद पडले. तेव्हा यांनी घरच्या फोनला आन्सरिंग मशीन लावलं आणि त्यावर गाणं भरून ठेवलं. नंबर फिरवला की गाणं ऐकू येतं, आणि ते बदलत राहतं. जाहिरातीत लिहायचे, ऑफिसातनं केलात तर फुकट.

मला फुकट पडणार नव्हतं. आयएसडीचा, म्हणजे परदेशी फोनचा, दर तेव्हा मिनिटाला साठ-सत्तरच्या घरात होता आणि माझा पगार बावीसशे. आमच्या चौकातल्या बूथवर तीन रात्री गेलो, तिन्ही वेळा एंगेज. एकच लाइन, आणि आपली रात्र म्हणजे तिथली भर दुपार. अख्खं न्यूयॉर्क ऑफिसातनं फुकट ऐकत बसलेलं असणार. मग हिशोब मांडला. आपल्याकडं दुपारचे अडीच म्हणजे तिकडं पहाटेचे चार-पाच. त्या वेळेला कोण जागं असतंय? शनिवारी जेवणाच्या सुट्टीत सायकल काढली.

लागला. एक खरखर, एक क्लिक, आणि मग ती दोघं. कुठलं गाणं होतं ते आजवर मला सापडलेलं नाही. चाल आठवते, शब्द नाहीत. दीड मिनिटाचं असेल. मी रिसीव्हर कानाला लावून काचेच्या केबिनमध्ये उभा, समोर मीटरचे लाल आकडे पळतायत, आणि मी एक शब्द बोललो नाही. गाणं संपल्यावरही थोडा वेळ तसाच राहिलो, त्याचीही एक पल्स पडली. बाहेर आलो तर बूथवाले मामा उठून उभे होते.

"बोललाच न्हाईस की रं. काय झालं? वाईट बातमी हाय का?"

मी म्हटलं, न्हाई, गाणं ऐकलं. त्यांनी बिल फाडलं, पैसे घेतले आणि पुढची दोन वर्षं मी दिसलो की मान हलवायचे. चौकात 'जॉनभाऊ' हे नाव मला तिथनंच पडलं.

कारखान्यातल्या टेपवर मी ती कॅसेट लावायचो. सगळ्यांना आवडलेलं एकच गाणं: 'मिनिमम वेज'. म्हणजे किमान वेतन. ४७ सेकंदांचं, शब्द दोनच, तेही एकदाच ओरडून, त्यावर चाबकाचा आवाज आणि बाकी नुसतं वाद्य. शिफ्ट सुटताना लेथवरचे पोरगे ते दोन शब्द ओरडायचे. मालकांना अर्थ कळल्यावर टेप बंद झाला.

मग फ्लॉपीचे दिवस आले. १९९९ साली या दोघांनी 'लाँग टॉल वीकेंड' नावाचा अल्बम काढला, तो दुकानात ठेवलाच नाही. नुसता इंटरनेटवरनं उतरवून घ्यायचा. मोठ्या बँडांत तेव्हा असं कुणी करत नव्हतं. मावसभावानं विकत घेतला आणि माझ्यासाठी चार गाणी एका फुकटच्या वेबसाइटवर चढवून ठेवली. राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत तासाला चाळीस रुपये देऊन मी ती उतरवायला बसायचो. उतरली तरी न्यायची कशात? फ्लॉपीत १.४४ एमबी मावतात. त्या वेळच्या नेहमीच्या दर्जाला, म्हणजे १२८ केबीपीएसला, सेकंदाला १६ हजार बाइट लागतात. भागाकार केला तर एका फ्लॉपीत बरोबर दीड मिनिट बसतं. बाकीच्या बँडांचे चाहते पाच-पाच मिनिटांचं गाणं चार फ्लॉप्यांत तोडून नेत होते आणि चौथी हमखास खराब निघायची. माझ्या लोकांची गाणी मुळातच दीड-दोन मिनिटांची. त्यांच्या १९९२ च्या 'अपोलो १८'मध्ये तर 'फिंगरटिप्स' म्हणून २१ तुकडे आहेत, त्यातले काही चार-पाच सेकंदांचे. माझ्यासारख्यांच्या फ्लॉपीचा विचार करूनच त्यांनी ते केलं असावं, असं मी तेव्हा कॅफेवाल्याला छातीठोक सांगितलं होतं.

पुढची दहा वर्षं मी पटकन उरकतो, कारण मीही ती तशीच उरकली. लग्न, पोरगी, कर्ज, एकदा नोकरी बदलली. कॅसेट ट्रंकेत गेली. त्यांना एका टीव्ही मालिकेच्या गाण्यासाठी ग्रॅमी मिळालं, ते मला वर्षभरानं समजलं. पोरगी शाळेत जायला लागल्यावर ते परत घरात आले, कारण मधल्या काळात ते पोरांसाठी गायला लागले होते. २००९ च्या 'हिअर कम्स सायन्स'मध्ये सूर्यावरचं एक गाणं आहे. मुळात १९५९ चं, यांनी १९९३ मध्ये एकदा म्हटलेलं. सूर्य म्हणजे तप्त वायूचा गोळा, असं त्यात आहे. आणि लगेच त्याच अल्बममध्ये दुसरं गाणं, की आधीचं चुकलं, तो वायू नाही, प्लाझ्मा आहे. पोरीनं हे बाईंना भर वर्गात सांगितलं. बाईंनी पुस्तक उघडून दाखवलं, 'तप्त वायूंचा गोळा'. पोरगी म्हणाली, पुस्तकवाल्यांनी दुसरं गाणं ऐकलेलं दिसत नाही. मला शाळेत बोलावणं आलं. त्या दिवशी मला जेवढा अभिमान वाटला तेवढा तिच्या दहावीलाही वाटला नाही, आणि हे तिच्या आईला सांगू नका.

अकॉर्डियन घेतला २०१६ साली. एका निवृत्त ऑर्केस्ट्रावाल्याकडनं, चौदा हजारांना. लाल रंगाचा, उजवीकडं ३७ पट्ट्या, डावीकडं ८० बटणं. वय चाळीस, दोन्ही खांद्यांवर आठ-नऊ किलो, आणि समोर बायको. ती म्हणाली, "ह्येच्यात वॉशिंग मशीन आलं असतं."

पेटी येणाऱ्याला अकॉर्डियन येईल असं वाटतं. माझ्या आजोबांमुळं मला पेटी जरा येत होती, पण तिचा उपयोग शून्य. पेटीत भाता मारला की आत हवा साठते आणि सूर सरळ राहतो. अकॉर्डियनला तशी साठवण नाही. ओढाल तेवढा सूर, ढकलाल तेवढा सूर, आणि वळताना जराही अडखळलात की तो उचकी देतो. शिवाय पट्ट्या उभ्या, आपल्या आपल्याला दिसत नाहीत. बटणं तर अजिबात दिसत नाहीत. ती सप्तकाप्रमाणं नसतात, सा-च्या वरचं बटण पंचमाचं, त्याच्या वरचं त्या पंचमाच्या पंचमाचं. सा सापडावा म्हणून त्या एका बटणाला मध्ये खळगा असतो. सहा महिने मी टीव्ही बघताना, जेवल्यावर, पाहुणे आलेले असताना डाव्या हाताच्या बोटानं तो खळगा शोधत होतो. 'पार्टिकल मॅन' दोन मिनिटांचं गाणं, चाल पोरखेळासारखी. ते सलग वाजवायला मला चौदा महिने लागले.

आणि मग ऑगस्ट २०१९.

पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. अल्बम ४३ मिनिटांचा, हे मी वर सांगितलंय. राजाराम बंधाऱ्याचा आकडा ४३ च्या वर गेला तेव्हा मला हे सुचलं, आणि सामान वर चढवत असताना मी ते बोलूनही दाखवलं. ती वेळ नव्हती. पाणी त्या वर्षी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही कागदपत्रं, दागिने, गॅसची टाकी घेऊन कळंब्याला मेव्हण्याकडं गेलो. अकॉर्डियन मी गोदरेजच्या कपाटावर ठेवला होता, छताला जवळजवळ टेकवून. तिथवर पाणी येणं शक्य नव्हतं आणि आलंही नाही. पण कपाट तरंगून आडवं झालं.

आठवड्यानं घर उघडलं. चिखल, वास, फुगलेलं दार. ट्रंकेत पाणी भरलेलं होतं आणि त्यात कॅसेट. 'फ्लड' पुरात गेली. शेजारपाजारच्यांचं काय काय गेलं होतं ते बघता या वाक्यावर हसायचीही लाज वाटत होती आणि हसूही येत होतं. निळी अक्षरं धुऊन गेली होती. गच्चीवर गाद्यांच्या शेजारी मी अकॉर्डियन वाळत घातला. बायको बघून म्हणाली, "टीव्ही राहू दे, आधी पेटी वर ठेवू म्हणालासा. ठेवलासा की." त्यात राग नव्हता. निदान मी तसं धरून चाललो.

दुरुस्तीला सगळे म्हणाले मिरजेला जा. मिरजेची ख्याती तंबोऱ्या-सतारीची, हे मी सांगून दमलो. शेवटी आमच्याकडंच पेट्या दुरुस्त करणारे एक काका तयार झाले. अकॉर्डियन त्यांनी जन्मात उघडला नव्हता. मी समोर बसलो आणि आम्ही दोघांनी मिळून तो उघडला. एका पट्टीला तीन सूर, प्रत्येक सुराला दोन जिभा, म्हणजे हवेनं थरथरून वाजणाऱ्या धातूच्या पात्या; एक ओढताना वाजायला, एक ढकलताना. ३७ गुणिले ६ म्हणजे २२२ जिभा नुसत्या उजव्या बाजूला. काकांच्या डबल सुराच्या पेटीत सत्तर-ऐंशी असतात, त्याही पितळेच्या. या पोलादी, सगळ्या गंजलेल्या. प्रत्येक जिभेमागं कातड्याची बारीक पट्टी, ती वाळून कानवल्यासारखी वळलेली. सूर खिळ्यांनी नाही, मेणानं बसवलेले. काका म्हणाले, "मेणावर भरवसा ठेवून यवढं वाद्य केलंय?" मग त्यांनी मेण आणि राळ एकत्र वितळवून स्वतःच तो माल बनवला. गंज घासला की जिभेची जाडी बदलते आणि सूर हलतो. टोकाला घासलं तर चढतो, बुडाशी घासलं तर उतरतो. सात महिने काम चाललं. मार्च २०२० मध्ये तयार झाला आणि लॉकडाउन लागलं. हातात आला जूनमध्ये.

वाजवला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. अकॉर्डियनमध्ये एका स्वराच्या दोन जिभा मुद्दाम किंचित वेगळ्या ठेवतात. त्यातनंच ती थरथरती लहर येते. काकांना ती चूक वाटली. इतका बेसूर ठेवून पाठवतात म्हणजे काय, म्हणून त्यांनी सगळ्या जोड्या एकेक करून तंतोतंत मिळवल्या होत्या. उजवी बाजू आता पेटीसारखी वाजत होती. काका समाधानानं माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हटलं, झकास झालंय. दुसरं काय म्हणणार होतो? सात महिन्यांचे त्यांनी तीन हजार घेतले होते.

ती लहर परत आणायचं मी मनात खूप घोळवलं आणि नाही आणली. आळसानं म्हणा. त्या मिळवलेल्या सुरांचा एक फायदा मात्र झाला. आमच्या भजनी मंडळाच्या आप्पांनी एकदा खिडकीतनं ऐकलं आणि बोलावलं, "तुझी ती गळ्यातली पेटी घेऊन ये. माझ्यापेक्षा जरा चढी हाय, पण चालंल." दर गुरुवारी जायला लागलो. अभंगाला सूर धरतो. मध्ये चहाला थांबलं की आप्पा म्हणतात, "म्हण तुझं एखादं विंग्रजी." अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला 'इस्तंबूल' आवडतं. ते मूळ १९५३ चं, कॉन्स्टँटिनोपल शहराचं नाव इस्तंबूल कसं झालं त्यावरचं. अर्थ सांगितला तर म्हणाले, "करवीरचं कोल्हापूर कसं झालं ते आधी इचारा म्हणावं त्यास्नी."

२०२३ च्या गणपतीत, मंडपात आरतीआधी लाइट गेली. स्पीकर बंद, पोरं कुरकुरायला लागली. आप्पा म्हणाले, वाजव काहीतरी, ह्येला काय वायर लागत न्हाई. मी 'रोड मूव्ही टु बर्लिन' घेतलं. 'फ्लड'मधलं शेवटचं गाणं, संथ, अंधारात बरं वाटणारं. कुणी ऐकत होतं असं नाही. संपलं. आणि भाता न थांबवता माझी बोटं आपोआप पुढं गेली. अठ्ठावीस वर्षं त्या गाण्यानंतर जे येत आलंय तिथंच गेली: '...रवी प्रेम कृपा जयाची'.

मागच्या बायकांनी तिथनंच सूर उचलला. टाळ्या पडल्या, कुणीतरी घंटा शोधली, आप्पांची पेटी दोन मात्रा उशिरा आली. कडवं संपल्यावर ते माझ्याकडं वाकून म्हणाले, "आरती सुरवातीपासनं म्हणत्यात रं. मधनंच काय उचललीस?"

मी म्हटलं, "आप्पा, माझ्याकडं एवढीच भरलेली हाय."